अजिंठा फुलदाणीवर गेला, त्याची गोष्ट

मंडळी, आपल्याकडचा माणूस मुंबईला गेला की पोरांना घेऊन राणीबागेत पेंग्विन बघून येतो. तिथंच लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, पण आत फार थोडे जण डोकावतात. मीही खरं तर ऊन टाळायलाच शिरलो होतो. एका काचेच्या कपाटासमोर पाय थांबले. आत चकचकीत मातीच्या फुलदाण्या, आणि त्यांच्यावर आपला अजिंठा.

हे तिथं कसं पोचलं, त्याची गोष्ट आपल्या भागात कुणी सांगत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मुंबईत 1857 साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथले जॉर्ज टेरी नावाचे मास्तर. 1870 च्या दशकात त्यांनी शाळेत कुंभारकाम उभं केलं. त्यासाठी कारागीर आणले सिंधमधून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि तिथल्या कुंभारांना निळ्या-पांढऱ्या चकाकीच्या भांड्यांचं पिढीजात ज्ञान होतं. टेरींनी पुढं स्वतःचा कारखानाही काढला, नाव 'वंडरलँड आर्ट पॉटरी'.

त्याच सुमारास, 1872 पासून, याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या, मोठ्या कॅनव्हासवर, तैलरंगात. हे काम 1885 पर्यंत चाललं. आपल्याकडं रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे, सिनेमाही झाला. ग्रिफिथ्सच्या पोरांचं मात्र कुणी नाव काढत नाही. आज एसटीतून उतरून चढ चढताना आपल्याला धाप लागते. त्या काळी मुंबईची ही पोरं इथं राहून अंधाऱ्या लेण्यांत चित्रं उतरवत होती.

या नकलांमधली नक्षी मग शाळेतल्या भांड्यांवर आली. छतावरची कमळं, हत्ती, जातककथांतली माणसं.

फुलदाणी बनते कशी, तेही सांगतो. चाकावर घडवायची, सुकवायची, वर पांढऱ्या मातीचा पातळ थर द्यायचा, त्यावर ब्रशनं चित्र काढायचं, मग काचेचा मुलामा आणि भट्टी. भट्टीत टिकतील तेच रंग चालतात. तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, लोखंडाचा तपकिरी. म्हणजे लेण्यातला रंग जसाच्या तसा येणार नाही, कारागिराला आपल्या डोक्यानं बदल करावाच लागणार. याला नुसती नक्कल म्हणायला माझं मन धजत नाही.

गंमत अशी की अजिंठ्याचं चित्रही मातीवरच आहे. खडकावर माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि मग रंग. भिंत भाजलेली नाही, फुलदाणी भाजलेली आहे, एवढाच फरक. नकलांचं काय झालं बघा. गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. त्याहून वाईट म्हणजे, चित्र नीट दिसावं म्हणून या मंडळींनी मूळ भिंतीवर व्हार्निश फासलं होतं. ते पुढं काळवंडलं. 1920 च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ बोलावून ते काढायला लावावं लागलं. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती, हे नव्या पोरांसाठी सांगतो.

सगळ्याच फुलदाण्या सुंदर आहेत असं नाही हं. काहींचा आकार पार विलायती, साहेबाच्या दिवाणखान्यासाठी केलेला, आणि त्यावर आपली जातककथा. सूटबुटावर फेटा बांधल्यासारखं वाटतं. पण काही इतक्या देखण्या की हलवत नाही.

माझं खरं दुखणं पुढं आहे. टेरींचं नाव राहिलं. ग्रिफिथ्सचं राहिलं, 1896-97 मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखं एखादं नाव सापडतं. पण चाकावर बसलेले ते सिंधी कुंभार? बहुतेक भांड्यांवर त्यांचं नाव नाही. अजिंठ्यातही हेच. सोळा नंबरच्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सव्वीसमध्ये भिक्खू बुद्धभद्राचा. दान देणाऱ्यांची नावं कोरली गेली, चित्र काढणाऱ्यांची आपल्यापर्यंत आली नाहीत. आणि योगायोग असा, की 1860 च्या दशकात अजिंठ्याचे शिलालेख वाचून छापणारे डॉक्टर म्हणजे हेच भाऊ दाजी लाड, ज्यांचं नाव 1975 पासून त्या संग्रहालयाला आहे.

आता आपल्याकडं या. लेण्यांच्या पायथ्याशी दुकानांत काय मिळतं? चमकणारे दगड, साच्यातल्या मूर्ती, किचेन. तासाभराच्या अंतरावर कुंभारवाड्यात आखाजीला घागरी आणि पोळ्याला मातीचे बैल करणारी माणसं बसलेली आहेत, आणि त्यांच्या हातचं एक भांडं तिथं नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. पण इलेक्ट्रिक चाक आलं तरी त्यावर काय घडवायचं आणि विकायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. पायथ्याला दोन गाळे कुंभारांसाठी राखा, अजिंठ्याच्या छतावरचं एक कमळ पणतीवर येऊ द्या, आणि तळाशी करणाऱ्याचं नाव कोरायची सक्ती करा. हे सांगायला समिती लागत नाही.

आपल्यापैकी कुणाचा आजा-पणजा मुंबईच्या अशा कारखान्यात कामाला होता असं घरात ऐकलं असेल, तर मला जरूर कळवा. नाव, गाव, जेवढं आठवेल तेवढं. मी येऊन लिहून घेतो.