धमन्यांचे चित्र आणि माणसाचे प्राण : निमोडिपीनची गोष्ट

१/ मेंदूच्या धमनीवरचा फुगा फुटतो आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. शस्त्रक्रियेने फुगा बंद होतो, रुग्ण शुद्धीवर येतो, घरच्यांशी बोलूही लागतो. आणि मग, साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान, त्याची वाचा जाते किंवा हात लुळा पडतो. रक्तस्राव पुन्हा झालेला नसतो. मग हा दुसरा घाला कशाचा?

२/ पहिला धागा चित्रांतून मिळाला. १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनीश यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या क्ष-किरणांनी टिपल्या. १९५१ मध्ये अमेरिकेतील एकर व रीमेनश्नायडर यांनी अशाच चित्रांतून दाखवले, की फुगा फुटल्यावर धमन्या आकसतात.

३/ तर्क सरळ होता : धमनी आकसते, रक्त अपुरे पडते, मेंदूचा तेवढा भाग मरतो. म्हणजे धमनी सैल करणारे औषध हवे.

४/ त्याची वाट जर्मनीतून निघाली. स्नायूपेशी आकसण्यासाठी तिच्यात कॅल्शियम शिरावे लागते. तो प्रवेश काही औषधे रोखतात, हे फ्रायबुर्गच्या आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात उलगडले. बायर कंपनीचे निमोडिपीन याच कुळातले. ते मेदात विरघळते, म्हणून मेंदूपर्यंत पोहोचते.

५/ १९८९ मध्ये ब्रिटनमधील ५५४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नुसती दिसायला औषधासारखी गोळी घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के रुग्णांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मृत झाला होता. निमोडिपीन घेणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते.

६/ तर्क सिद्ध झाला म्हणावे, तर चित्रांनी साक्ष फिरवली. १९८८ च्या कॅनडातील चाचणीत रुग्णांची स्थिती सुधारली, पण धमन्या दोन्ही गटांत जवळपास सारख्याच आकसलेल्या दिसल्या!

७/ पुढे याचे उलटे टोक दिसले. २००८ च्या चाचणीत क्लॅझोसेंटानच्या सर्वांत मोठ्या मात्रेने लक्षणीय आकसाचे प्रमाण ६६ वरून २३ टक्क्यांवर आणले. चित्र सुरेख होते. पण २०११ च्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. (स्वतंत्र चाचण्यांनंतर २०२२ मध्ये जपानने हे औषध मंजूर केले.)

८/ मॅग्नेशियम (२०१२) आणि सिमव्हास्टॅटिन (२०१४) यांच्याकडूनही मोठ्या आशा होत्या. त्याही मोठ्या चाचण्यांत फोल ठरल्या.

९/ आकसलेली धमनी हे दुसऱ्या घाल्याचे एकमेव कारण नव्हते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या, मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या विद्युत-लाटा, दाह यांचाही त्यात वाटा असावा, असे आता मानले जाते. निमोडिपीन नेमके कोठे काम करते, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

१०/ म्हणून आजही अतिदक्षता विभागात परिचारिका दर चार तासांनी, मध्यरात्रीसुद्धा, ६० मिलिग्रॅमची मात्रा देते. आधी रक्तदाब पाहते. तो फार उतरला असेल, तर मात्रा विभागून दिली जाते. असे सलग २१ दिवस. चित्रात फरक दिसला नाही म्हणून हे औषध तेव्हाच बाजूला सारले असते, तर किती जणांची वाचा परत आली नसती!