महाविद्यालयीन अतिमद्यपान रोखण्याचे प्रयत्न (अमेरिका)

एका बैठकीत बेसुमार दारू रिचवण्याच्या विद्यार्थ्यांच्या सवयीला (बिंज ड्रिंकिंग) आळा घालण्यासाठी अमेरिकेतील विद्यापीठांनी व त्यांच्या गावांनी केलेले उपाय. पुरुषाने एका बैठकीत पाच, स्त्रीने चार किंवा अधिक पेले घेतले की ते 'बिंज' मानतात. पेला म्हणजे 355 मिलिलिटर बिअर किंवा 44 मिलिलिटर व्हिस्की. व्हिस्कीचा हा पेला आपल्याकडच्या 'लार्ज'हून लहानच. पाच-चार पेल्यांचे हे माप हार्वर्डच्या हेन्री वेक्स्लर यांनी रूढ केले. 1993 साली त्यांनी 140 महाविद्यालयांची पाहणी केली, तेव्हा 44 टक्के विद्यार्थी या मापात बसले.

1984 च्या केंद्रीय कायद्याने मद्यखरेदीचे वय 21 न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद केली आणि 1988 पर्यंत सगळी राज्ये वठणीवर आली. पदवीचे निम्मे विद्यार्थी मात्र 21 च्या आतले. त्यांचे पिणे थांबले नाही. विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांच्या (फ्रॅटर्निटी) तळघरांत आणि भाड्याच्या घरांत ते चालूच राहिले.

विद्यापीठांचा भर आधी प्रबोधनावर होता. इतर मुले किती पितात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज नेहमी फुगलेला असतो, हे पर्किन्स व बर्कोविट्झ या संशोधकांनी 1986 मध्ये दाखवले. त्यावरून 'बहुतेक जण बेतानेच पितात' अशी भित्तिपत्रके जागोजागी लागली. कल्पना चतुर, पण 2003 मध्ये वेक्स्लर यांच्या गटाला ती लावणाऱ्या महाविद्यालयांत पिणे घटल्याचे दिसले नाही. नुसती माहिती देऊन भागत नाही, असे राष्ट्रीय मद्यपान संशोधन संस्थेच्या 2002 च्या अहवालानेही म्हटले होते. जास्त पिणाऱ्याशी एकट्याने, उपदेश न करता केलेली छोटी बातचीत मात्र उपयोगी ठरते. वॉशिंग्टन विद्यापीठात तिची पद्धत घडली.

खरी मेख विद्यापीठाच्या फाटकाबाहेर आहे. स्वस्त बिअर, 'एकावर एक फुकट'च्या जाहिराती, ओळखपत्र न पाहणारे बार. रॉबर्ट वूड जॉन्सन प्रतिष्ठानच्या 1996 पासूनच्या अतिमद्यपानविरोधी कार्यक्रमात दहा विद्यापीठांनी नगरपालिका, पोलीस व बारमालकांना सोबत घेतले. दहांचा एकत्रित निकाल सपाट निघाला. ज्या पाच ठिकाणी भाव, विक्री व जाहिरातींवरचे निर्बंध नेटाने राबवले गेले, तिथेच पिणे थोडे उतरले.

त्या दहांपैकी आयोवा विद्यापीठाच्या गावात, आयोवा सिटीत, हा वाद मतपेटीपर्यंत गेला. रात्री दहानंतर 21 च्या आतल्यांना बारमध्ये थांबू न देण्याचा प्रस्ताव मतदारांनी 2007 मध्ये फेटाळला. 2010 मध्ये नगरपरिषदेने तो नियम केलाच. त्याच वर्षी मतदारांनी तो थोडक्यात राखला आणि 2013 मध्ये पुन्हा कौल घेतला गेला, तेव्हाही तो टिकला.