पंडितेचे बाळबोध वळण

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत एक मत इतके रुळले आहे की ते मत आहे हेच आपण विसरून गेलो. त्यानुसार बाईंच्या आयुष्याचे दोन तुकडे पडतात. पहिला तेजस्वी: १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडणारी, विधवांसाठी शारदा सदन काढणारी विदुषी. दुसरा झाकोळलेला: स्वतःच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये डोळे मिटून प्रार्थनेला बसलेली भाविक बाई. ख्रिस्ताने ‘बालकासारखे व्हा’ म्हटले आणि बाईंनी बुद्धी गहाण टाकली, असा निकाल. गंमत म्हणजे धर्माभिमानी हा निकाल देतात तसाच पुष्कळ सुधारकही देतात. या दोघांचे एकमत व्हावे असे विषय फार थोडे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात हशील नाही. १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये ‘रिव्हायव्हल’ची, म्हणजे धर्मजागृतीची, लाट आली. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापे कबूल करत. ती वर्णने वाचताना मलाही अवघडायला होते. शिवाय ‘लेकरासारखे व्हा’ या सांगण्याचा अर्थ ‘मुकाट्याने ऐका’ असा लावून चर्चच्या अधिकाऱ्यांनी अनेकदा माणसांना गप्प बसवले आहे. तेव्हा शंका घेणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही. तो चुकतो ते दुसऱ्याच ठिकाणी.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात ते मूल पुढे येते कशासाठी? शिष्यांनी येशूला विचारले आहे, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? म्हणजे प्रश्न मानापानाचा, पंगतीत पहिले पान कोणाचे असा. उत्तरादाखल येशू एका मुलाला मध्ये उभे करतो. त्या काळच्या समाजात मुलाला माया मिळे, मान नसे. चारचौघांत त्याचा शब्द कोणी धरत नसे. मुलाच्या निरागसपणाचा, भाबडेपणाचा तिथे उल्लेखही नाही. सांगणे एवढेच की स्वतःला त्या मुलाएवढे लहान करा. पाटावरून उठा, इतकेच. आणि बुद्धीचे म्हणाल तर पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट बजावले आहे की दुष्टपणात तान्ही बाळे राहा, पण समजुतीत प्रौढ व्हा. आपल्याकडे तुकोबांनीही देवाजवळ लहानपणच मागितले होते. त्यावरून तुकोबांची बुद्धी गेली असे म्हणण्याची कोणाची छाती झालेली नाही. रमाबाईंच्या बाबतीत मात्र ती सहज होते.

आता बाईंकडे वळू. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला, वय पंचवीस. बुद्धी गहाण पडायची तर तेव्हाच पडायची. घडले उलटे. ज्या मठवासी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशी त्यांचा पत्रातून वाद जुंपला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त गळी उतरेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत काय कमी आहे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. भारतातल्या भटजींचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घ्यायला नव्हे, हेही त्यांनी कळवले. ताटात मांस घेतले नाही ते नाहीच. त्या भगिनींना ही मुलगी गर्विष्ठ वाटली.

मला वाटते, त्या भगिनी अगदीच चुकत नव्हत्या. कारण पुढे १९०७ मध्ये बाईंनी आपली साक्ष लिहून काढली तेव्हा त्यांनीच कबूल केले की बुद्धीला पटले म्हणून धर्म घेतला, पण ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षे लागली. या आठ वर्षांनंतर विचार थांबला असे आपण समजतो. थांबला तो मान राखण्याचा खटाटोप.

याचा पुरावा प्रवचनात शोधू नये, बाईंच्या मेजावर शोधावा. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. ऐकू कमी येई. त्यापायीच वैद्यकीचे शिक्षण इंग्लंडात हुकले होते. लहानपणी आई पहाटे जवळ घेऊन संस्कृत म्हणवून घेई आणि त्या कानाने शिकत. आता कान साथ देत नव्हते, डोळ्यांनीच शिकायचे. भागवताचे हजारो श्लोक ज्यांना मुखोद्गत, त्या बाई पन्नाशीच्या उंबऱ्यावर उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी गिरवताहेत, आलेफ, बेथ, गिमेल. ‘सरस्वती’ म्हणवल्या गेलेल्या माणसाने रोज सकाळी बिगरीत बसायचे आणि रोज चुकायचे! हे ज्याला बुद्धीचा त्याग वाटते त्याने या वयात एखादी नवी लिपी शिकून पाहावी.

हे सारे कशासाठी, तर बायबल पुन्हा मराठीत आणण्यासाठी. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. दुष्काळातून वाचवून आणलेल्या खेड्यांतल्या मुलींना ते कळेना. त्यातून, हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेल्या शब्दांनी मूळ अर्थ झाकोळतो असेही त्यांचे मत. संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायचे तर ते ओळखणारा पंडितच हवा. इथे पांडित्य कामाला आले, फक्त मिरवले नाही. आपल्या जुन्या लोकांनी मोडीच्या शेजारी देवनागरीला ‘बाळबोध’ म्हटले, पोरालाही लागावे असे अक्षर. बाईंचे वळण त्या अर्थाने बाळबोध. खिळे जुळवायला मुक्तीच्याच मुली बसत, छपाईही त्यांचीच. भाषांतर सर्वत्र सोपे झाले असे मात्र नाही. मूळ शब्दाला फार चिकटून राहिल्याने कितीक वाक्ये ताठर झाली आहेत. जाणकारांनी ते दाखवले ते बरोबरच; अक्षरशः उतरवणे हा पंडिताचाच दोष, भाबड्याचा नव्हे.

आणि १९०५? रिव्हायव्हलची लाट आणि हिब्रूचा अभ्यास एकाच घरात, एकाच काळात चालू होते. पहिल्यावरून बाईंना वेड लागले म्हणणाऱ्याने दुसऱ्याचा हिशेब द्यायला हवा. तो मी अजून कुठे वाचलेला नाही.

हे एकट्या रमाबाईंचेच वेगळेपण म्हणून सोडून देता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळेओवळे सोडले ते ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या व्याख्यानाने नव्हे. जात माणसाने केली की देवाने, हा पोराने विचारावा तसा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. शाळेचे शिक्षण नाममात्र. तरी नवऱ्याच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुरे केले आणि उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. त्या पुस्तकात आपल्या फजितीवर त्या जितक्या मोकळ्या हसतात तितके मराठीत फार थोड्यांना जमले आहे.

रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. बाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्याही वारल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.