मावशीच्या घरचं वल्हांडण

आम्ही बडोद्याचे मराठी. आईची एक मैत्रीण अहमदाबादला खमासापाशी राहायची, १९३४ सालच्या मागेन अब्राहम सिनेगॉगजवळ. बेने इस्राएल; आडनावाला 'कर', मूळ गाव कुलाबा जिल्ह्यात. कोकणात यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. आमच्यासारखंच, रस्त्यावर गुजराती, घरात मराठी.

१९७० च्या आसपास तिनं आम्हाला वल्हांडणाला बोलावलं. जुनी माणसं म्हणत 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबटाचं भांडं झाकायचा, असं मावशी सांगायची. घरात खमिराचं काही नाही. बिनखमिराची भाकरी, कडू पाला, खजुराचं शीर, काळ्या मनुकांचं सरबत. आणि मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा, हिब्रूत नि मराठीत.

ही हग्गादा पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापली होती. तिच्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बसून भाकऱ्या करतायत! मावशीकडे मात्र सासऱ्यांनी हातानं उतरवलेली वही होती.

प्रश्न सगळ्यात धाकट्यानं विचारायचे. मावशीची मुलं इस्राएलला गेलेली, पुतण्या गुजराती शाळेतला, मराठी वाचताना अडखळला. मावशी म्हणाली, "तू वाच गं." मी नऊ वर्षांची. आजची रात्र वेगळी का, ते मीच विचारलं. काकांनी चष्मा पुसला नि उत्तर वाचायला घेतलं.

दोन वर्षांनी तीही दोघं गेली. वही नेली. निघताना मावशी आईला म्हणाली, "नेते खरी, पण तिकडे नातवंडांना वाचता यायची नाही."