हुक्क्याची दुरुस्ती व सुटे भाग

हुक्का : तंबाखूचा धूर पाण्यातून ओढून घेण्याचे साधन. ‘हुक्का’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ डबी किंवा लहान गोल पात्र असा आहे. धूर ओढताना पाण्यातून निघणाऱ्या आवाजावरून मराठीत त्यास ‘गुडगुडी’ असेही म्हणतात. तुर्कस्तान व पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या देशांत रूढ असलेले ‘नार्गिले’ हे नाव नारळ या अर्थाच्या फार्सी शब्दावरून आले आहे. नारळाची करवंटी हे या साधनाचे एक जुने व स्वस्त जलपात्र होते, याची साक्ष त्या नावातून मिळते.

हुक्का अनेक सुट्या भागांची जुळणी करून तयार होतो. हे भाग निरनिराळ्या द्रव्यांचे असतात, निरनिराळे कारागीर ते घडवितात आणि त्यांचे आयुष्यही सारखे नसते. विस्तव व तोंड यांच्याशी संबंध येणारे भाग वरचेवर बदलावयाचे आणि पाणी धारण करणारी बैठक जतन करून दुरुस्त करावयाची, असा या साधनाच्या वापराचा सामान्य क्रम होता. हुक्क्याच्या दुरुस्तीचा इतिहास बव्हंशी या क्रमाचा इतिहास आहे.

घटकभाग व कार्य : हुक्क्याचे मुख्य भाग चार : चिलीम, नैचा, बैठक व मुखनळी. चिलमीत तंबाखू व त्यावर निखारे असतात. तंबाखू एकदम जळू नये म्हणून दोहोंच्या मध्ये मातीची वा धातूची लहान चकती ठेवीत. तिला ‘तवा’ म्हणत. नैचा हा चिलमीला धरून ठेवणारा नळीचा जोड होय. त्याची उभी नळी बैठकीतील पाण्यात बुडलेली असते, तर धूर बाहेर नेणारी दुसरी नळी पाण्याच्या पातळीच्या वर उघडते. या दुसऱ्या नळीतून हवा ओढली म्हणजे पाण्यावरील पोकळीतील दाब कमी होतो आणि चिलमीतील धूर पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो.

या रचनेमुळे सांध्यांचा घट्टपणा ही हुक्क्याची पहिली गरज ठरते. पाण्याच्या वरच्या भागात कोठेही फट राहिल्यास बाहेरची हवा तेथूनच आत शिरते व चिलमीतील हवा ओढली जात नाही. चिलीम काढून उभ्या नळीचे वरचे तोंड तळहाताने बंद करावे व मुखनळीतून हवा ओढून पाहावी. हवा येत राहिली तर सांधा सैल आहे किंवा नळीस भेग पडली आहे, असे समजते. सांधा घट्ट करण्यासाठी ओल्या कापडाची पट्टी गुंडाळीत. पाण्याने फुगलेले कापड फट बुजवी. अलीकडच्या हुक्क्यांत हेच काम रबरी वलये (वायसर) करतात.

भारतातील प्रसार : तंबाखू भारतात पोर्तुगीजांमार्फत आली. सु. १६०४ मध्ये मोगल दरबारचा अधिकारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी आणून अकबरास नजर केली. या अपरिचित वनस्पतीच्या सेवनास दरबारी हकिमाने हरकत घेतली होती, असे असद बेगच्या वृत्तांतावरून दिसते. धूर पाण्यातून नेऊन शुद्ध करण्याची कल्पना अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फत्ह गिलानी याची, असे परंपरेने सांगितले जाते. तथापि तो १५८९ मध्येच मरण पावला असल्याने असद बेगच्या प्रसंगाशी या परंपरेचा मेळ बसत नाही. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूस मनाई केली. परंतु तिचा उपयोग झाला नाही. सतराव्या व अठराव्या शतकांत हुक्का दरबारांपासून खेड्यातील चावडीपर्यंत पोहोचला.

कोलकात्यातील यूरोपीय समाजानेही तो उचलला. हुक्का भरणे, पाणी बदलणे व नळ्या स्वच्छ ठेवणे यांसाठी ‘हुक्काबरदार’ हा स्वतंत्र नोकर असे. १७७९ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या एका निमंत्रणपत्रात पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज अन्य नोकर आणू नयेत, अशी सूचना आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपीयांत ही प्रथा जवळजवळ लोपली.

बदलावयाचे भाग व त्यांचे कारागीर : साधी चिलीम कुंभार घडवी. ती फुटली की जोडण्याचा प्रश्नच नसे. अल्प किंमतीत नवी मिळे. बिनझिलईच्या मातीत तंबाखूचा राप मुरत असल्याने जुनी चिलीम टाकून देणे सोयीचेही होते. नैचा वेताच्या, बोरूच्या किंवा लाकडी नळ्यांचा करीत व त्यावर कापड, सूत, रेशीम वा जर गुंडाळीत. हे काम करणाऱ्या कारागिरांस उत्तर भारतात ‘नैचाबंद’ म्हणत. श्रीमंतांच्या हुक्क्यास सर्पाकार लांब लवचिक नळी असे. तारेचे वेटोळे करून त्यावर आवरण चढवीत. अशा नळ्यांना आतून अस्तर म्हणून हिमालयातील भूर्ज वृक्षाची साल वापरीत. ही नळी आतून नीट घासता येत नाही, ओल राहिल्यास तार गंजते व आवरण कुजते. त्यामुळे तिची दुरुस्ती म्हणजे बहुधा नवी नळी बांधून घेणे होय. इस्तंबूलमध्येही नार्गिलेच्या नळ्या करणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय होता. त्यांच्या व्यवसायावरून पडलेले बाजारपेठेचे नाव तेथे टिकून आहे.

नळी व मुखनळी वेगळी काढता येण्यास सामाजिक अर्थही होता. एकत्र हुक्का ओढणे हे जातिबांधवांतील सलोख्याचे चिन्ह मानले जाई. ‘हुक्का-पाणी बंद करणे’ या उत्तर भारतीय शब्दप्रयोगाचा अर्थ वाळीत टाकणे असा आहे. पंजाबच्या १८८१ च्या जनगणनेचा अहवाल लिहिणाऱ्या डेन्झिल इबेट्सन याने गावातील हुक्के ओळखू यावेत म्हणून त्यांच्या नळीस बांधावयाच्या खुणांची नोंद केली आहे : मुसलमानांच्या हुक्क्यास निळी चिंधी, हिंदूंच्या हुक्क्यास तांबडी, चर्मकारांच्या हुक्क्यास कातड्याचा तुकडा. दुसऱ्याच्या तोंडाची नळी वर्ज्य मानणारा हा संकेत विटाळाच्या कल्पनेतून आला होता, आरोग्याच्या विचारातून नव्हे. हुक्क्याचा कोणता भाग व्यक्तीपरत्वे वेगळा ठेवावयाचा, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

बैठकीची दुरुस्ती : बैठक नारळाची, मातीची, पितळेची, तांब्याची, काचेची किंवा बिदरी कामाची असे. सतराव्या शतकातील बैठकी पुष्कळदा गोल असत व त्या चुंबळीसारख्या कड्यावर ठेवाव्या लागत. अठराव्या शतकात सपाट तळाची घंटाकार बैठक रूढ झाली. ती सहसा कलंडत नसल्याने तुटफूटही कमी झाली.

तांब्यापितळेच्या बैठकीस पोचा आल्यास तांबट तो ठोकून काढी, भेग पडल्यास डाख देई आणि आतून कल्हई करी. येथे द्रव्याची निवड महत्त्वाची असते. सामान्य मृदू डाखात कथिलाबरोबर शिसे असते; हलक्या प्रतीच्या कल्हईतही शिशाची भेसळ होऊ शकते. शिसे विषारी असून ते शरीरात साठत जाते. त्यामुळे धूर व पाणी यांचा स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागावर शुद्ध कथिलाची कल्हई व शिसेविरहित डाख वापरणे आवश्यक ठरते.

बिदरी बैठकीची दुरुस्ती अधिक अवघड असते. बिदरी मिश्रधातूत बहुतांश जस्त व थोडे तांबे असते. त्याच्या ओतीव पात्रावर चांदीचे वा पितळेचे जडावकाम करतात व नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील माती यांच्या मिश्रणाने पृष्ठभाग काळा करतात. जस्त सु. ४२० से. तापमानास वितळते, म्हणून जोडकामाच्या उष्णतेने पात्राचा आकार बिघडण्याचा संभव असतो. ते प्रमाणाबाहेर तापल्यास निघणारी वाफ श्वासावाटे गेल्याने कारागिराला ज्वर येतो. ओतीव व ठिसूळ असल्यामुळे हे पात्र ठोकूनही सरळ करता येत नाही. आम्लाने किंवा खरखरीत चूर्णाने घासल्यास काळी झाक निघून जाते. तडा गेलेली काचेची बैठक चिकटवून पुन्हा वापरणे इष्ट नसते, कारण तिची मजबुती परत येत नाही.

आधुनिक काळ व सुरक्षितता : विडी व सिगारेट यांच्या प्रसाराने विसाव्या शतकात हुक्का मागे पडला. १९९० नंतर गोड व सुगंधी तंबाखूबरोबर तो उपाहारगृहांतून पुन्हा दिसू लागला. या हुक्क्यांत तव्याऐवजी छिद्रे पाडलेला ॲल्युमिनियमचा वर्ख, कापडी पट्टीऐवजी रबरी वलय व गुंडाळलेल्या नळीऐवजी प्लॅस्टिकची नळी आली. जुन्या चामडी नळीतून थोडी हवा झिरपत असे. प्लॅस्टिकची नळी हवाबंद असल्याने धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. एकच नळी अनेकांनी वापरल्यास क्षयासारख्या रोगांचा संसर्ग होण्याचा धोका असतो.

यावरून सुटे भाग बदलताना पाळावयाचे निर्बंध निश्चित होतात. चिलमीजवळ रंग, रोगण, गोंद, प्लॅस्टिक किंवा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड वापरू नये. तेथे भाजलेली माती योग्य. धुता न येणारी, गंजलेली वा वास येणारी नळी टाकून द्यावी. मुखनळी प्रत्येकाची वेगळी असावी. चिलीम तिच्या जागी घट्ट बसत नसेल तर हुक्का पेटवू नये, कारण निसटलेला निखारा आगीस कारणीभूत होतो. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्या हे तिचे संभाव्य कारण अग्निशमन दलाच्या अहवालात नमूद झाले. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का-पार्लरांवर बंदी घातली.

तथापि निर्दोष जुळणीमुळे हुक्का निरुपद्रवी होत नाही. पाण्याने धूर थंड होतो. त्यातील निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड नाहीसे होत नाहीत. हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर शरीरात जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये निदर्शनास आणले. हुक्क्यामागील शुद्धीकरणाची जुनी समजूत त्यामुळे निराधार ठरली आहे.

संग्रहालयांतील हुक्के : पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय व लंडनचे व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालय यांत जुने हुक्के जतन केले आहेत. संग्रहालयांतील अनेक हुक्क्यांच्या केवळ बैठकी उरल्या असून मूळचा नैचा, चिलीम व नळी क्वचितच सापडतात. अशा वस्तूंवर नवा डाख देणे किंवा घासून चकाकी आणणे टाळतात. सुटलेला भाग पुन्हा काढता येईल अशा द्रव्याने जोडतात आणि नवा भाग बसविल्यास त्याची नोंद ठेवतात. बिदरीचे काम करणारे कारागीर बीदर येथे अद्याप आहेत. नैचाबंदांचे काम मात्र मुळातच झिजून टाकून दिले जाणारे असल्याने त्यांच्या कौशल्याचे अवशेष फारच थोडे उरले आहेत.