वृद्धनिवास : इंग्लंडमधील इतिहास

वृद्धनिवास : वार्धक्यामुळे ज्यांना स्वतःच्या घरी एकट्याने राहणे अशक्य झाले आहे, परंतु रुग्णालयात ठेवावे लागेल असा आजार ज्यांना नाही, अशा व्यक्तींच्या निवासाची, भोजनाची व शुश्रूषेची व्यवस्था पाहणारी संस्था. अशा संस्थेत कोणास प्रवेश मिळावा आणि तेथील खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न आज अनेक देशांपुढे आहेत. इंग्लंडमध्ये मात्र त्यांचा ऊहापोह कायद्याच्या भाषेत चारशे वर्षांहून अधिक काळ होत आल्याने तेथील इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. या काळात इमारती बदलल्या, संस्थांची नावे बदलली, खर्च देणारी यंत्रणाही अनेकदा बदलली; तथापि वृद्धाने प्रथम आपल्याजवळ असेल ते खर्चावे आणि ते सरत आल्यावरच सार्वजनिक निधीकडे वळावे, हे सूत्र जवळजवळ अखंड टिकून राहिले.

मध्ययुगात निराधार वृद्धांची सोय प्रामुख्याने मठ व ‘हॉस्पिटल’ या नावाची आश्रयस्थाने करीत. या शब्दाचा तत्कालीन अर्थ आजच्याप्रमाणे केवळ रुग्णालय असा नव्हता. विंचेस्टर येथील सेंट क्रॉस हे बाराव्या शतकात स्थापन झालेले आश्रयस्थान या प्रकारचा उत्तम नमुना असून तेथे वृद्ध ‘बंधूं’ना ठेवून घेण्याची परंपरा अद्याप चालू आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३६ ते १५४० या काळात मठांचे विसर्जन झाले आणि या व्यवस्थेचा मोठा भाग कोसळला. उरलेली पोकळी व्यापाऱ्यांनी, कारागिरांच्या संघांनी व जमीनदारांनी स्थापन केलेल्या ‘आम्सहाउस’ या दानगृहांनी काही अंशी भरून काढली. प्रवेशाच्या अटी दानपत्रात नमूद असत. अमुक गावचा रहिवासी, अमुक धंद्यातील माणूस, विधवा किंवा सदाचरणी अशा त्या अटी असत. खोल्या थोड्या व इच्छुक पुष्कळ असल्याने विश्वस्तांची मर्जी महत्त्वाची ठरे.

एलिझाबेथ राणीच्या काळातील १६०१ च्या दारिद्र्य कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चशी निगडित अशा स्थानिक विभागावर, आपल्या हद्दीतील असमर्थांच्या पोषणाची जबाबदारी टाकली. त्यासाठी ‘ओव्हरसीअर’ नेमण्यात आले व मालमत्तेवर कर बसविण्यात आला. त्याच कायद्यात असेही कलम होते, की ऐपत असल्यास मुलांनी दरिद्री आईवडिलांचे पोषण करावे. न केल्यास न्यायाधिकाऱ्यांनी रक्कम ठरवून ती वसूल करावी. म्हणजे सार्वजनिक मदतीचा हक्क व कौटुंबिक कर्तव्याची सक्ती या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यातून जन्मास आल्या. पुढे १६६२ च्या कायद्याने कोणाची जबाबदारी कोणत्या पॅरिशची, हे जन्म, विवाह, नोकरी इत्यादींवरून ठरू लागले. म्हाताऱ्या मोलकरणीचा भार आपल्यावर पडू नये म्हणून शेजारशेजारच्या पॅरिशांनी न्यायालयात खेटे घालावेत, असे प्रसंग अठराव्या शतकात वारंवार घडले. मात्र बहुसंख्य वृद्धांना आपल्याच झोपडीत राहून आठवड्याला काही शिलिंग मिळत, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

श्रमगृहे, म्हणजेच ‘वर्कहाउस’, ही त्यापूर्वीही होती. पण वृद्धांच्या इतिहासावर त्यांची गडद छाया पडली ती १८३४ च्या सुधारित दारिद्र्य कायद्यानंतर. पॅरिशांचे संयुक्त गट करून प्रत्येक गटास श्रमगृह बांधावे लागले. श्रमगृहातील राहणी बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या राहणीहून कमी आकर्षक असावी, हे या कायद्यामागील तत्त्व होते. ते धडधाकट बेकारांसाठी योजलेले होते. परंतु शतकाच्या उत्तरार्धात धडधाकट माणसे श्रमगृहाबाहेर राहिली आणि आत प्रामुख्याने वृद्ध, आजारी व अनाथ मुले उरली. ज्यांना घाबरविण्यासाठी भिंती उभारल्या ते बाहेर आणि ज्यांना जाण्यास दुसरी जागा नव्हती ते आत, अशी ही विपरीत परिस्थिती होती. स्त्रिया व पुरुष वेगळ्या भागांत ठेवले जात. साठ वर्षांवरील पतिपत्नींना सक्तीने वेगळे ठेवू नये, अशी तरतूद होण्यास १८४७ साल उजाडावे लागले. शिवाय १८३२ च्या शरीरविच्छेदनविषयक कायद्यामुळे श्रमगृहात मरण पावलेल्या बेवारस व्यक्तीचे प्रेत वैद्यकीय विद्यालयास देता येत असे. गरीब कुटुंबांतील वृद्ध पोटास चिमटा घेऊन अंत्यविधीसाठी पैसे शिल्लक टाकीत, त्याचे हे एक कारण होय. श्रमगृहाचे हे भय पुढे शंभर वर्षे पुरले.

चार्ल्स बूथ यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृद्ध दरिद्री जनांविषयीच्या ग्रंथातून वार्धक्य हेच दारिद्र्याचे एक प्रमुख कारण असल्याचे स्पष्ट झाले. आळस वा उधळेपणा हे सर्वांना लागू पडणारे स्पष्टीकरण नव्हे, हे त्यामुळे हळूहळू मान्य झाले. वृद्ध निवृत्तिवेतन अधिनियम १९०८ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना आठवड्यास ५ शिलिंगपर्यंत वेतन मिळू लागले. त्यामुळे अनेकांना आपल्या घरी राहता आले. परंतु ज्याला उठता-बसता आधार लागतो त्याची अडचण पैशाने सुटत नाही. असे लोक श्रमगृहातच राहिले. १९३० मध्ये श्रमगृहांचा कारभार स्थानिक सत्तांकडे आला व त्यांना ‘सार्वजनिक साहाय्य संस्था’ असे सौम्य नाव मिळाले. इमारती त्याच होत्या.

दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांमुळे अनेक वृद्ध बेघर झाले आणि त्यांच्या दैनेकडे मध्यमवर्गाचे लक्ष प्रथमच मोठ्या प्रमाणावर वेधले गेले. सीबोम राउन्ट्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ च्या अहवालात मोठ्या संस्थांऐवजी लहान वृद्धनिवासांचा पुरस्कार केला. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने जुना दारिद्र्य कायदा रद्द केला आणि वय वा दुर्बलता यांमुळे देखभालीची गरज असलेल्यांसाठी निवासाची सोय करणे हे स्थानिक सत्तांचे कर्तव्य ठरविले. आईवडिलांचे पोषण करण्याची मुलांवरील कायदेशीर सक्तीही तेव्हाच संपली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांची कल्पना अशी होती, की यापुढे निवासी हा याचक नसून हॉटेलातील पाहुण्यासारखा असावा. त्याने पैसे द्यावेत व मानाने राहावे. त्यानुसार २६ शिलिंगांच्या साप्ताहिक निवृत्तिवेतनातून किमान २१ शिलिंग निवासाचे शुल्क म्हणून घ्यावयाचे व ५ शिलिंग वृद्धाच्या हाती ठेवावयाचे, असे ठरले. अधिक ऐपत असलेल्याने अधिक द्यावयाचे होते.

५ जुलै १९४८ या एकाच दिवशी हा अधिनियम व राष्ट्रीय आरोग्यसेवा ही दोन्ही अंमलात आली, आणि पुढील सर्व वादांचे मूळ या योगायोगात आहे. आरोग्यसेवा सर्वांना विनामूल्य होती. वृद्धनिवास मात्र ऐपतीनुसार सशुल्क होता. म्हणजे माणूस ‘आजारी’ ठरला तर खर्च राज्याचा आणि ‘दुर्बल’ ठरला तर त्याचा स्वतःचा. तरुणाच्या बाबतीत हा भेद स्पष्ट असेल. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अर्धांगाने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत तो कोठे करावयाचा, हे त्या वेळी कोणी फारसे विचारले नाही. त्या काळी वृद्धांपैकी थोड्यांच्याच मालकीचे घर होते, हेही त्याचे कारण असावे.

पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना भेटी देऊन १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्थानिक सत्तांच्या वृद्धनिवासांतील जागांचा फार मोठा भाग अजूनही जुन्या श्रमगृहांच्या इमारतींत आहे, असे त्याला आढळले. लांबलचक शयनगृहे, खाजगी वस्तू ठेवण्यास न मिळणारी जागा व निष्क्रिय दिवस यांचे त्याने केलेले चित्रण आजही वाचवत नाही. पाहुणा आणि हॉटेल ही बेव्हन यांची उपमा किती अपुरी ठरली, याचा याहून सबळ पुरावा नाही.

१९८० नंतर या व्यवस्थेत अनपेक्षित पालट झाला. खाजगी वृद्धनिवासात राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीचे शुल्क सामाजिक सुरक्षा निधीतून देण्याची मुभा नियमांतील एका बदलाने मिळाली. अर्जदाराचे उत्पन्न तपासले जाई. त्याला खरोखरच निवासाची गरज आहे किंवा नाही, हे तपासले जात नसे. परिणामी १९७९ मध्ये सुमारे १ कोटी पौंड असलेला हा खर्च दशकाच्या अखेरीस १०० कोटी पौंडांवर गेला. पर्यटक कमी झालेल्या समुद्रकाठच्या गावांतील कितीतरी छोटी हॉटेले या काळात वृद्धनिवास बनली. घरी राहून मदत मागणाऱ्यास मात्र स्थानिक सत्तेच्या तुटपुंज्या निधीवर अवलंबून राहावे लागे. लेखापरीक्षण आयोगाने १९८६ मध्ये या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. रॉय ग्रिफिथ्स यांच्या १९८८ च्या अहवालानंतर १९९० चा अधिनियम आला व एप्रिल १९९३ पासून गरजेची तपासणी व खर्चाची जबाबदारी ही दोन्ही स्थानिक सत्तांकडे आली.

तेव्हापासून रूढ झालेली पद्धत थोडक्यात अशी : प्रथम वृद्धाच्या गरजेची पाहणी होते, मग त्याच्या ऐपतीची. इंग्लंडमध्ये २०१० साली ठरलेल्या व पुढे दीर्घकाळ न बदललेल्या मर्यादांनुसार २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याने सर्व खर्च स्वतः करावयाचा. १४,२५० पौंडांखालील मालमत्ता हिशेबात धरली जात नाही, परंतु निवृत्तिवेतनाचा बहुतेक भाग द्यावाच लागतो. वृद्ध कायमचा निवासात गेल्यास त्याचे राहते घरही मालमत्तेत मोजले जाते. पती, पत्नी किंवा साठ वर्षांवरील नातेवाईक त्या घरात राहत असल्यास ते वगळतात. घर तत्काळ विकावे लागू नये म्हणून त्यावर बोजा ठेवून देणे पुढे ढकलण्याची सोय २००१ पासून आहे. तिचा हक्क एप्रिल २०१५ पासून व्यापक झाला. जन्मभर हप्ते फेडून घेतलेले घर दोन-चार वर्षांच्या शुश्रूषेत संपावे आणि कर्करोगाने आजारी असलेल्या शेजाऱ्यावर मात्र विनामूल्य उपचार व्हावेत, ही तक्रार केवळ वारसांच्या लोभातून येते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

निवास शोधण्याचे कामही सोपे नाही. निर्णय बहुधा पडझड, पक्षाघात किंवा जोडीदाराचा मृत्यू यांनंतर घाईत घ्यावा लागतो. स्थानिक सत्ता ज्याचा खर्च देते, त्यालाही निवास निवडण्याचा अधिकार १९९२ च्या निर्देशांनी दिला; परंतु निवडलेला निवास सत्तेने मान्य केलेल्या दराहून महाग असेल, तर फरकाची रक्कम बहुधा नातेवाइकांस भरावी लागते. स्पर्धाविषयक प्राधिकरणाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१६ मध्ये स्वखर्चाने राहणारे सरासरी ८४६ पौंड साप्ताहिक शुल्क देत, तर स्थानिक सत्ता सरासरी ६२१ पौंड देत. एकाच भोजनगृहात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एक जण काही प्रमाणात दुसऱ्याचाही खर्च उचलीत असतो, असा याचा अर्थ होतो. निवासांच्या दर्जाची माहिती मिळण्याची सोय मात्र सुधारली आहे. २००९ पासून कार्यरत असलेला सेवा-गुणवत्ता आयोग तपासणी करतो व २०१४ पासून प्रत्येक निवासास ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरा’ अशा चार श्रेणींपैकी एक देतो. तथापि चांगली श्रेणी आर्थिक स्थैर्याची हमी देत नाही. सुमारे ७५० निवास व ३१,००० निवासी असलेली सदर्न क्रॉस ही कंपनी इमारतींचे भाडे न पेलल्याने २०११ मध्ये कोसळली, तेव्हा हे निवास इतर चालकांकडे सोपवावे लागले.

खर्चाच्या विभागणीचा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न वारंवार झाले. स्ट्युअर्ट सदरलंड यांच्या अध्यक्षतेखालील राजआयोगाने १९९९ मध्ये वैयक्तिक शुश्रूषा विनामूल्य असावी अशी शिफारस केली. ती स्कॉटलंडने २००२ मध्ये स्वीकारली, इंग्लंडने नाकारली. अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने २०११ मध्ये आयुष्यभरात कोणासही सुमारे ३५,००० पौंडांहून अधिक शुश्रूषाखर्च करावा लागू नये, असे सुचविले. २०१४ च्या अधिनियमात या तत्त्वाचा स्वीकार होऊन मर्यादा ७२,००० पौंड ठरली. पण अंमलबजावणी २०१६ वरून २०२० वर गेली व नंतर बारगळली. २०२१ मध्ये ८६,००० पौंडांची नवी मर्यादा जाहीर झाली, ती २०२३ वरून २०२५ वर ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये रद्द झाली. लुईझ केसी यांच्या नेतृत्वाखालील आणखी एका आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये करण्यात आली.

ब्रिटिशांनी भारतात इंग्लंडच्या धर्तीवरील दारिद्र्य कायदा आणला नाही. येथील वृद्धगृहे दानधर्मातून व मिशनांच्या कार्यातून उभी राहिली. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह हे एकोणिसाव्या शतकातील असे एक उदाहरण आहे. स्वतंत्र भारताच्या २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाने मात्र सज्ञान मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची सक्ती केली. त्यासाठी न्यायाधिकरणे नेमण्यात आली व मासिक निर्वाहाची कमाल रक्कम १०,००० रुपयांपर्यंत ठेवण्यात आली. इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्यातील व १९४८ मध्ये तेथून वगळलेल्या तरतुदीशी तिचे साम्य लक्षणीय आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधारांसाठी, राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने स्थापावा, असेही अधिनियमाच्या १९ व्या कलमात आहे. परंतु त्याची शब्दयोजना ‘स्थापील’ अशी बंधनकारक नसून ‘स्थापू शकेल’ अशी ऐच्छिक आहे.