चोरिसांची माळ

म्हापशाच्या बाजारात जपमाळेच्या मण्यांसारखे ओवलेले तांबडे चोरिस टांगलेले दिसतात. हे अन्न १५१० नंतर पोर्तुगीजांसवे गोव्यात आले. त्या राजवटीत ताटावरूनही श्रद्धा जोखली जाई, हे आम्हां धर्मगुरूंनी लपवू नये. १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाद्वारे ख्रिस्ती घरांत हिंदू रीतीने बिनमिठाचा भात शिजवण्यासही मनाई केली. यापो येथे संत पेत्राला झालेला दृष्टान्त मात्र नेमका उलट होता: अन्नावरून कोणा माणसाला अशुद्ध मानू नये!

स्वयंपाकघराने आपली वाट काढली. पोर्तुगालच्या द्राक्षमद्याऐवजी माडीचा शिरका आला. सोबत मिरची, लसूण, आले, दालचिनी, लवंग. डुकराचे मांस मिठात मुरवून, वजनाखाली दाबून पाणी काढायचे, वाटण चोळायचे, आतड्यात भरून उन्हात वाळवायचे. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा यांमुळे ते टिकते. प्रथिने पुष्कळ, पण चरबी आणि मीठही तितकेच. रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच घ्यावे. पावसाळ्यात मासळी दुर्मीळ झाली की कांदा-बटाट्यात शिजवलेले थोडेसे चोरिस साऱ्या घराला पुरतात.